राखीव रनिंग बॅक उचलायचा की नाही? फँटसी फुटबॉलमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

९ सप्टेंबर २०२४, सोमवारची रात्र. एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग. त्यातले सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स आणि न्यूयॉर्क जेट्स, दोघांचाही सीझनमधला पहिला सामना. फोर्टीनाइनर्सचा मुख्य रनिंग बॅक क्रिस्चन मॅकाफ्री त्या वर्षी बहुतेक फँटसी ड्राफ्टमध्ये (सीझनआधी खेळाडू वाटून घेण्याच्या फेरीत) सगळ्यात आधी उचलला गेला होता. पोटरी आणि टाचेच्या दुखण्यामुळे आठवडाभर त्याच्याबद्दल उलटसुलट बातम्या येत होत्या. सामन्याच्या दीड तास आधी न खेळणाऱ्यांची यादी लागली आणि त्यात त्याचं नाव होतं. त्याच्या जागी जॉर्डन मेसन उतरला. २०२२ मध्ये एनएफएलच्या खऱ्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, या मेसनला ३२ पैकी एकाही संघाने घेतलं नव्हतं. त्या रात्री तो २८ वेळा बॉल घेऊन धावला, १४७ यार्ड काढले आणि एक टचडाउन केलं, म्हणजे बॉल समोरच्या गोल लाइनपलीकडे नेला. नुसत्या धावण्याचेच २० गुण.

आमच्या लीगमध्ये मेसन होता तो नागपूरच्या एका सहकाऱ्याकडे. त्याचा हा पहिलाच सीझन. फुटबॉल त्याला जेमतेम कळत होतं, पण मॅकाफ्री पूर्ण सराव करत नाहीये एवढं त्याने वाचलं आणि बेंचवरचा एक निकामी खेळाडू सोडून शनिवारीच मेसनला घेऊन ठेवलं. बाकीच्या अकरा जणांना ती बातमी दिसली नव्हती असं नाही. पण ती वाचून काय करायचं, हे त्याला सुचलं.

हा लेख त्याच्यासारख्यांसाठी आहे. अमेरिकेत नोकरीला आलात आणि ऑगस्टमध्ये ऑफिसच्या लीगमध्ये तुमचं नाव घातलं गेलं, किंवा पुण्यात बसून तिकडच्या टीमबरोबर खेळताय, आणि दर मंगळवारी ‘या राखीव खेळाडूला घेऊ का?’ हा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर शोधायची माझी पद्धत पुढे देतो.

दोन ओळींत पाया. फँटसीत आपण खऱ्या एनएफएलमधल्या खेळाडूंचा संघ बांधतो आणि मैदानावर ते जे करतात त्याचे गुण आपल्याला मिळतात. ड्रीम इलेव्हनमध्ये प्रत्येक सामन्याला नवा संघ करण्याची सवय असेल, तर इथला फरक मोठा आहे: एका लीगमध्ये एक खेळाडू एकाच मालकाकडे, तोही मालक सोडेपर्यंत. रनिंग बॅक म्हणजे क्वार्टरबॅककडून, म्हणजे पास टाकणाऱ्या मुख्य खेळाडूकडून, बॉल हातात घेऊन समोरच्या गर्दीत घुसणारा. सामान्यतः धावून काढलेल्या १० यार्डांना १ गुण, टचडाउनला ६, आणि बॉल घालवला तर उणे २.

राखीव खेळाडूंमध्ये रनिंग बॅकचीच एवढी चर्चा का होते? एक तर ही जागा फार मार खाते. दर कॅरीला, म्हणजे बॉल घेऊन धावण्याच्या प्रत्येक वेळी, शंभर-सव्वाशे किलोची माणसं अंगावर येतात, त्यामुळे दुखापती ठरलेल्या. आणि दुसरं, मुख्य रनिंग बॅक बसला की त्याचं काम बऱ्याचदा जसंच्या तसं मागच्याच्या पदरात पडतं. मुख्य रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, जखमी झाला तर त्याचे पास तीन-चार जणांत वाटले जातात. धावण्याचं काम मात्र वारसाहक्कासारखं एकाकडे जाऊ शकतं. म्हणूनच मी म्हणतो, उचलताना खेळाडूच्या नावाकडे आणि कालच्या यार्डांकडे नंतर बघा. आधी बघा त्याच्या वाट्याला काम किती येणार ते.

पायरी १: लीगचे नियम उघडून वाचा

पाच मिनिटांचं काम आहे, पण निम्मे नवखे ते करत नाहीत. एकच गोष्ट नक्की शोधा: झेललेल्या प्रत्येक पासला गुण आहे का? याला पीपीआर म्हणतात. पूर्ण पीपीआरमध्ये एका झेलाला १ गुण, हाफ पीपीआरमध्ये अर्धा, स्टँडर्डमध्ये शून्य.

याने केवढा फरक पडतो ते २०२० मधल्या माइक डेव्हिसवरून बघा. कॅरोलायना पँथर्समध्ये तो मॅकाफ्रीचा राखीव होता (मॅकाफ्री तेव्हा तिथे होता). मॅकाफ्रीला दुसऱ्याच आठवड्यात दुखापत झाली आणि डेव्हिस सीझनचा बराच काळ मुख्य खेळाडू झाला. धावून ६४२ यार्ड, म्हणजे काही फार नाही. पण त्याने ५९ पास झेलले. पीपीआर लीगमध्ये हे ५९ गुण निव्वळ झेलांचे, यार्डांचे वेगळे. याउलट मेसनने २०२४ च्या सगळ्या सीझनमध्ये झेलले फक्त ११. स्टँडर्ड लीगमध्ये मेसन उजवा, पूर्ण पीपीआरमध्ये डेव्हिससारखा झेलणारा खेळाडू जास्त भरवशाचा. टचडाउन नाही झालं तरी त्याच्या झोळीत काहीतरी पडतंच.

पायरी २: जागा रिकामी का झाली, आणि किती दिवसांसाठी?

दुखापतीची बातमी आली की आधी तिचं नाव शोधा. गुडघ्यातलं एसीएल फाटलं असेल तर सीझन संपला. घोट्याच्या वरच्या भागातली लचक, जिला तिकडे हाय अँकल स्प्रेन म्हणतात, साधारण चार ते सहा आठवडे घेते. साधी लचक एखाद्या आठवड्यात बरी होते. नाव सारखं, पण हिशेब पार वेगळा. डोक्याला मार लागला असेल तर खेळाडूला पाच टप्प्यांच्या वैद्यकीय तपासणीतून जावं लागतं, आणि तो पुढच्याच रविवारी परत येऊ शकतो. मांडीच्या मागचा स्नायू, हॅमस्ट्रिंग, हा सगळ्यात दगाबाज. खेळाडू लवकर परततो, आणि तेच दुखणं पुन्हा उसळतं. अशा वेळी मुख्य खेळाडू परत आला तरी राखीव लगेच सोडू नका.

संघाने खेळाडूला आयआर (इंजर्ड रिझर्व्ह), म्हणजे जखमींच्या यादीत टाकलं, तर तो किमान चार सामने खेळू शकत नाही. ही पक्की माहिती असते, हिच्यावर बोली लावता येते. बाकी बुधवार ते शुक्रवार रोज इंजरी रिपोर्ट लागतो. त्यात कोणी सराव केला, कोणी अर्धवट केला, कोणी केलाच नाही, हे असतं. शुक्रवारी शेवटचा शिक्का: ‘आउट’ म्हणजे नाही खेळणार, ‘डाउटफुल’ म्हणजे जवळजवळ नाहीच, ‘क्वेश्चनेबल’ म्हणजे देव जाणे. बुधवारी सराव न करणं फारसं मनावर घेऊ नका, वयस्क खेळाडूंना तो दिवस विश्रांतीचा दिला जातो. शुक्रवारी सराव बुडाला तर मात्र कान टवकारा.

दुखापत हे एकच कारण नसतं. मुख्य खेळाडूवर बंदी येते, त्याचा संघाशी पैशांवरून वाद होतो, किंवा प्रशिक्षकाच्या मनातून तो उतरतो. पिट्सबर्ग स्टीलर्सचा लेव्हिऑन बेल २०१८ मध्ये कराराच्या वादात अख्खा सीझन बसून राहिला, आणि जेम्स कॉनरने त्याच्या जागी १२ वेळा धावत टचडाउन केलं. प्रशिक्षकाची मर्जी फिरल्याचं उदाहरण पुढच्या पायरीत येतंय, ते मला सगळ्यात शिकवणारं वाटतं.

पायरी ३: काम मोजा

इथे जरा थांबू. सगळा खेळ इथेच आहे.

आकड्यांच्या पानावर तीन गोष्टी बघायच्या. पहिली, स्नॅप, म्हणजे संघाच्या किती डावपेचांत हा माणूस मैदानावर होता. दुसरी, कॅरी आणि टार्गेट, म्हणजे किती वेळा बॉल त्याच्या हातात दिला आणि किती वेळा त्याच्याकडे फेकला. तिसरी, गोल लाइनजवळ, शेवटच्या पाच-दहा यार्डांत, बॉल कोणाला मिळतो. यार्ड आणि टचडाउन सगळ्यात शेवटी, कारण ते या आठवड्यात होतात, पुढच्या आठवड्यात होतीलच असं नाही. काम मात्र बरंचसं टिकतं.

२०२३ चा पहिला आठवडा. लॉस अँजेलिस रॅम्स सिएटलमध्ये खेळत होते. रॅम्सचा मुख्य रनिंग बॅक कॅम एकर्स २२ वेळा धावला. राखीव काइरेन विल्यम्स १५ वेळा. एवढंच वाचलं तर वाटेल, एकर्सची खुर्ची पक्की. आता बाकीचं बघा. एकर्सचे २२ कॅरींत २९ यार्ड. विल्यम्सचे १५ कॅरींत ५२ यार्ड आणि दोन टचडाउन. आणि मैदानावर जास्त वेळ होता विल्यम्स. क्वार्टरबॅक पास टाकायला उभा राहतो तेव्हा त्याच्या शेजारी प्रशिक्षकाला विल्यम्स हवा होता, आणि गोल लाइनपाशीही तोच. पुढच्या आठवड्यात एकर्सला मैदानात उतरवलंच नाही आणि त्याच महिन्यात तो मिनेसोटाला पाठवला गेला. विल्यम्सने १२ सामन्यांत १,१४४ यार्ड काढले, धावून १२ टचडाउन केले. पहिल्या आठवड्यानंतरच्या मंगळवारी ज्याने फक्त कॅरी मोजल्या, त्याने त्याला सोडून दिलं. ज्याने स्नॅप बघितले, त्याचा सीझन झाला.

स्वतः एक हिशेब करून बघा. एक राखीव खेळाडू १५ कॅरींत ६० यार्ड आणि ३ झेलांत २५ यार्ड करतो, टचडाउन नाही. पीपीआरमध्ये ६ अधिक २.५ अधिक ३, म्हणजे ११.५ गुण. दुसरा ६ कॅरींत ७० यार्ड आणि एक टचडाउन करतो, १३ गुण. तुमच्या ॲपमध्ये दुसरा वर दिसेल आणि लीगमधले लोक त्याच्यावर तुटून पडतील. मी पहिल्याला घेईन. १८ वेळा बॉल हातात येणाऱ्या माणसाला कधीतरी टचडाउन मिळणारच. सहा वेळा मिळणाऱ्याची एक लांब धाव गेली की खाली तीन गुण उरतात.

लांब धाव बाजूला काढून बघायची सवय लावा. क्लीव्हलँड ब्राउन्सचा जेरोम फोर्ड २०२३ मध्ये दुसऱ्या आठवड्यात १६ कॅरींत १०६ यार्ड धावला. त्यातली एक धाव ६९ यार्डांची. म्हणजे उरलेल्या १५ कॅरींत ३७. लांब धाव खोटी नसते, तीही कौशल्यानेच होते. पण ती दर रविवारी येत नाही. हे बघूनच बोलीचा आकडा ठरवायचा.

आणि ते काम सामन्यात केव्हा मिळालं? शेवटच्या दहा मिनिटांत संघ २५ गुणांनी पुढे किंवा मागे असताना राखीव खेळाडू मैदानावर येतात, त्या कॅरींना काही अर्थ नाही. सामन्याचा क्रमवार तपशील उघडा आणि पहिल्या हाफमध्ये त्याला बॉल किती वेळा मिळाला ते मोजा. पहिला हाफ हा प्रशिक्षकाचा ठरवून आणलेला बेत असतो.

पायरी ४: तिसरा डाउन डोळ्यांनी बघा

आकड्यांवर न भागणारी ही एकच गोष्ट, आणि तिच्यासाठी मी सामन्याचं रेकॉर्डिंग बघतो. संघाला १० यार्ड काढायला चार प्रयत्न, म्हणजे डाउन, मिळतात. तिसरा प्रयत्न आणि सात-आठ यार्ड बाकी, म्हणजे पास येणार हे स्टेडियमभर सगळ्यांना माहीत. क्वार्टरबॅक मागे उभा, रनिंग बॅक त्याच्या शेजारी. आता बॉलकडे बघू नका, रनिंग बॅककडे बघा. स्नॅप होतो, म्हणजे बॉल खेळात येतो, आणि समोरच्या फळीतून एक लाइनबॅकर, म्हणजे बचावाचा खेळाडू, भगदाडातून सुसाट येतो. चांगला बॅक एक पाऊल पुढे टाकतो, गुडघे वाकवतो आणि त्याला छातीवर घेतो. तेवढ्या दीड सेकंदात पास सुटतो. कच्चा बॅक खांदा घालायला जातो, तो माणूस बाजूने निसटतो आणि क्वार्टरबॅक जमिनीवर.

कित्येक लाख डॉलर घेणाऱ्या क्वार्टरबॅकला असं पाडू देणाऱ्या पोराला कोणताही प्रशिक्षक तिसऱ्या डाउनवर ठेवत नाही, मग तो कितीही चपळ असो. नवखे, वेगवान खेळाडू कॅरी छान घेतात आणि तरी अर्धा वेळ बाहेर बसतात, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं. तिसऱ्या डाउनवर टिकणारा राखीव म्हणजे संघ मागे पडला तरी मैदानावर राहणारा राखीव. दोन ड्राइव्ह, म्हणजे संघाच्या सलग चढायांच्या दोन फेऱ्या, बघितल्या तरी कळतं.

पायरी ५: त्याच्या मागे कोण उभा आहे, आणि बाजारात कोण मोकळा आहे

हे मी पैसे घालवून शिकलो. २०२३ चा माझा पहिला सीझन. १८ सप्टेंबर, सोमवारची रात्र, पिट्सबर्गमध्ये ब्राउन्सचा मुख्य रनिंग बॅक निक चब याचा गुडघा गेला. ती दुखापत एवढी वाईट होती की प्रक्षेपणात ती पुन्हा दाखवलीही नाही. चबचा सीझन संपला. त्याच्या जागी आला तो वरचा जेरोम फोर्ड. मी मंगळवारी रात्री वेव्हरवर, म्हणजे मोकळ्या खेळाडूंच्या वाटणीत, माझ्या १०० पैकी ७० डॉलर त्याच्यावर लावले (हे खेळातले डॉलर, सीझनभर पुरवायचे). फोर्ड मिळाला. बुधवारीच बातमी आली की ब्राउन्सनी करीम हंटला परत करारबद्ध केलं.

महिनोन्महिने बाजारात मोकळा असलेला, आधीची चार वर्षं याच संघात घालवलेला, डावपेच तोंडपाठ असलेला हंट. मला हे आधीच दिसायला हवं होतं. फोर्डच्या मागे ब्राउन्सकडे अनुभवी कोणीच नव्हता, तेव्हा ते कोणाला तरी आणणार हे उघड होतं, आणि हंटहून सोयीचा दुसरा कोण होता? सीझनअखेर फोर्डचे ८१३ यार्ड आणि धावून ४ टचडाउन. हंटचे फक्त ४११ यार्ड, पण ९ टचडाउन. गोल लाइनजवळचं काम तो घेऊन गेला. फोर्ड वाईट नव्हता, माझ्या संघात तो बऱ्याचदा खेळला. पण ३०-३५ डॉलरच्या खेळाडूला मी दुप्पट मोजले, आणि नोव्हेंबरमध्ये चांगले खेळाडू मोकळे झाले तेव्हा माझ्याकडे बोलीला काही उरलं नव्हतं.

त्यामुळे आता मी तीन नावं तपासतो. संघातला तिसरा रनिंग बॅक कोण, सराव संघात कोण, आणि मोकळ्या बाजारात त्या प्रशिक्षकाच्या ओळखीचा कोण. बाजारातला माणूस किती झटपट जागा घेऊ शकतो याला हद्द नाही. २०१८ च्या डिसेंबरमध्ये रॅम्सच्या टॉड गर्लीचा गुडघा दुखत होता. त्या सीझनमध्ये दोन संघांनी सोडलेल्या सी. जे. अँडरसनला त्यांनी आणलं आणि त्याच आठवड्यात ॲरिझोनाविरुद्ध तो १६७ यार्ड धावला. फँटसी लीगची अंतिम फेरी चालू असताना.

तिसऱ्याचं नाव लक्षात ठेवण्याचा आणखी एक फायदा. १ डिसेंबर २०२४ ला बफलोच्या बर्फात मॅकाफ्री आणि मेसन दोघेही एकाच सामन्यात जखमी झाले. उरला आयझॅक गेरेंडो, आणि पुढच्या रविवारी त्याने शिकागोविरुद्ध दोन टचडाउन केली.

पायरी ६: संघ कसा आहे

इथे फार वेळ घालवू नका, तीन प्रश्न पुरेत. पुढची ऑफेन्सिव्ह लाइन रस्ता मोकळा करते का? कमजोर लाइनमागे चांगला धावपटूही अडकतो. संघ सामन्यात पुढे असतो का? पुढे असलेला संघ वेळ काढायला बॉल घेऊन पळतो, मागे पडलेला पास टाकत सुटतो.

तिसरा प्रश्न नवख्यांच्या लक्षात येत नाही: क्वार्टरबॅक स्वतः गोल लाइनवर घुसतो का? फिलाडेल्फिया ईगल्सचा जेलन हर्ट्स आणि बफलोचा जॉश ॲलन यांनी २०२३ मध्ये प्रत्येकी १५ टचडाउन स्वतः धावून केली. त्या वर्षी ईगल्सच्या डीआंद्रे स्विफ्टने १,०४९ यार्ड काढले, पण धावून टचडाउन फक्त ५. एका यार्डावर बॉल आला की मागून ढकलून क्वार्टरबॅकलाच आत घालायची त्यांची पद्धत. अशा संघाच्या राखीव रनिंग बॅकची किंमत मी सरळ एक पायरी खाली धरतो.

पायरी ७: बोली किती, आणि कोणाला सोडायचं

बहुतेक लीगमध्ये मोकळे खेळाडू मंगळवारी रात्री किंवा बुधवारी पहाटे वाटले जातात. काही ठिकाणी त्यासाठी क्रम लावलेला असतो, काही ठिकाणी सीझनभराचे साधारण १०० डॉलर आणि बंद पाकिटातल्या निविदेसारखी बोली. कोणी किती लावले ते निकालाआधी कळत नाही.

माझा अंदाज असा. सप्टेंबरमध्ये मुख्य खेळाडूचा सीझन संपलाय, राखीव तिसऱ्या डाउनवरही टिकतो, मागे कोणी नाही, बाजारातही कोणी नाही: ४० ते ५० लावा. चार-सहा आठवड्यांची जागा असेल तर १५ ते २५. काम दोघांत वाटलं जाणार असेल तर ५ ते १०. एकाच आठवड्याचा प्रश्न असेल आणि तुमच्याकडे खेळवायला दुसरं कोणी नसेल तर २-३, नाहीतर सोडून द्या. आकडा गोल लावू नका. २० ऐवजी २१ किंवा २२ लावा, कारण अर्धी लीग २० वर थांबलेली असते.

क्रमाने वाटणी असेल तर पहिला क्रमांक एका आठवड्याच्या भाड्यासाठी खर्च करू नका.

सोडायचा कोणाला? नवखे इथे अडतात, कारण ड्राफ्टमध्ये घेतलेल्या खेळाडूवर जीव जडलेला असतो. दुसरा किकर, दुसरा डिफेन्स, बारा जणांच्या लीगमध्ये दुसरा क्वार्टरबॅक यांना आधी काढा. मग चार आठवड्यांत ज्याला एकदाही खेळवावंसं वाटलं नाही असा रिसीव्हर. एखाद्याचा फक्त सुटीचा आठवडा आहे, म्हणजे बाय वीक, म्हणून चांगल्या खेळाडूला मात्र सोडू नका. पुढच्या बुधवारी तो दुसऱ्याच्या संघात दिसेल.

पायरी ८: दुखापत होण्याआधीच घेऊन ठेवायचा का?

मुख्य खेळाडूला काही झालं तर लगेच जागा घेणारा राखीव, त्याला हँडकफ म्हणतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बेंचची जागा मोलाची असते, ऑक्टोबरपासून बाय वीकही सुरू होतात, तेव्हा असा माणूस फुकट बसवून ठेवणं महाग पडतं. चौदाव्या आठवड्यापर्यंत बाय वीक संपतात, पंधराव्या ते सतराव्या आठवड्यात बऱ्याच लीगची बाद फेरी असते, आणि तेव्हा बेंचवरच्या चौथ्या रिसीव्हरचा तुम्हाला काही उपयोग नसतो. नोव्हेंबरच्या शेवटी मी तो काढतो आणि एक हँडकफ ठेवतो. तुमचा मुख्य रनिंग बॅक ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतला असेल तर त्याचाच. नसेल तर प्रतिस्पर्ध्याच्या मोठ्या खेळाडूचा ठेवला तरी चालेल, तेही रीतसर डावपेच आहेत.

मिनेसोटाचा अलेक्झांडर मॅटिसन हा हँडकफचा नमुना. २०२१ मध्ये मुख्य रनिंग बॅक डॅल्विन कुक चार सामने बसला, त्यांत मॅटिसन एकदा २६ कॅरींत ११२ यार्ड आणि एकदा २५ कॅरींत ११३ यार्ड धावला. त्यावर भाळून २०२३ मध्ये, कुक गेल्यावर, लोकांनी त्याला मुख्य खेळाडू म्हणून ड्राफ्टमध्ये वर घेतलं. त्या सीझनमध्ये ७०० यार्ड, धावून एकही टचडाउन नाही. दोन रविवार दुसऱ्याचं काम पूर्ण निभावणं आणि सतरा सामने ती जागा टिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हँडकफला हँडकफच्याच भावात घ्या.

पायरी ९: परत कधी सोडायचा

मुख्य खेळाडू सरावाला परतला अशी बातमी आली की लीगमधले लोक राखीवला लगेच काढतात. मी एक रविवार थांबतो. पहिल्या सामन्यात कामाची वाटणी कशी झाली ते बघतो, मग ठरवतो. २०२५ मध्ये कॅरोलायनाचा चुबा हबर्ड पोटरीच्या दुखण्याने बसला आणि रिको डाउडल मायामीविरुद्ध २०६ यार्ड धावला, पुढच्या रविवारी आपल्याच जुन्या संघाविरुद्ध, डॅलसविरुद्ध, १८३. हबर्ड परतला तेव्हा ‘आता संपलं’ म्हणून ज्यांनी डाउडलला सोडला किंवा स्वस्तात दिला, त्यांनी ग्रीन बेविरुद्धचे त्याचे १३० यार्ड आणि दोन टचडाउन दुसऱ्याच्या खात्यात जाताना बघितले.

उलट बाजूही तितकीच खरी. राखीवने दोन-तीन चांगले आठवडे दिले आणि मुख्य खेळाडूची दुखापत किरकोळ आहे हे तुम्हाला दिसतंय, तर त्याचा भाव चढलेला असतानाच ट्रेड करा. समोरच्याला रनिंग बॅकची गरज असेल तर तो चांगला रिसीव्हर द्यायला तयार होतो. मॅकाफ्रीसारखा खेळाडू परत आला की त्याचं काम त्याच्याचकडे जातं, ते कोणी अडवत नाही.

रविवारी शेवटचं

उचललेला राखीव संघात लावला असेल तर सामन्याच्या ९० मिनिटं आधी न खेळणाऱ्यांची यादी बघितल्याशिवाय मोबाइल खाली ठेवू नका. ‘क्वेश्चनेबल’ मुख्य खेळाडू ऐनवेळी उतरला तर तुमचा राखीव तीन कॅरींवर येतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी एकचे सामने असतात, म्हणजे यादी साडेअकराला. पुण्या-मुंबईत तेव्हा रविवारी रात्रीचे नऊ वाजलेले असतात, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून तिकडची घड्याळं मागे गेली की दहा. जेवणं आटोपून ॲप उघडा. ज्याचा सामना उशिरा किंवा सोमवारी रात्री आहे असा शंकेतला खेळाडू फ्लेक्सच्या जागी लावा, कारण तिथे रनिंग बॅक, रिसीव्हर किंवा टाइट एंड कोणीही चालतो. तो बसला, तर त्याच्याइतक्याच उशिरा खेळणाऱ्या बेंचवरच्या दुसऱ्या कोणाला तरी आत घेता येतं. असा एक माणूस बेंचवर आहे ना, हे शनिवारीच तपासून ठेवा.